नेटवर्किंगमध्ये एम.टेक. करताय? आधी दोनशे पानी वही घ्या

गेल्या महिन्यात तासगावहून मावसबहिणीच्या मुलाचा फोन आला. एम.टेक.ला नंबर लागला होता, विषय कॉम्प्युटर नेटवर्क्स घ्यायचं ठरलं होतं, आणि त्याला एकच गोष्ट हवी होती. ‘मावशी, तुझ्या नोट्स देतेस का?’ नोट्स आहेत. माळ्यावर दोन पिशव्या भरून आहेत, झेरॉक्सवाल्याच्या पिनांसकट. पण मी त्या दिल्या नाहीत. त्याला मिरजेला घरी बोलावलं, जेवू घातलं आणि एक कोरी दोनशे पानी वही हातात ठेवली. पोरगं जरा हिरमुसलं. त्या दुपारी त्याला जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहितेय.

वहीचा नियम एवढाच: दिवसा जे वाचलं त्यातली एक तरी गोष्ट रात्री स्वतःच्या घरच्या लाइनवर मोजायची आणि आकडा तारीख-वेळेसह लिहायचा. पुस्तकाशी जुळला तर पुढचं पान. नाही जुळला तर का नाही जुळला, हे शोधेपर्यंत ते पान सोडायचं नाही. माझा दोन वर्षांचा अर्धा अभ्यास या न जुळलेल्या पानांवरच झाला.

ही सवय मला एका प्रिंटरने लावली. एम.टेक.च्या आधी मी सहा वर्षं एका साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात होते. गाळप हंगाम ऐन भरात, रात्रीचे दोन वाजलेले, आणि काट्यावरून फोन: ‘मॅडम, पावतीच निघंना झालीय.’ भरलेल्या गाडीचं वजन काट्याच्या संगणकावर दिसायचं, पण ऑफिसातल्या सर्व्हरवर कधी पोचायचं, कधी नाही. नवऱ्याला उठवून मोटरसायकलवरून कारखान्यावर गेले. ट्रॅक्टरांची रांग पार फाट्यापर्यंत, ड्रायव्हर मंडळी शेकोट्या करून बसलेली. मी केबल बदलली, स्विच बंद-चालू केला, सर्व्हर उठवला-बसवला. तेवढ्यात शेती ऑफिसातल्या कुणीतरी त्याच संध्याकाळी आलेला नवा प्रिंटर बंद केला आणि पावत्या धडाधड निघायला लागल्या. लोकांनी मला शाबासकी दिली. झालं काय होतं, हे मला ओ की ठो कळलं नव्हतं.

आता कळतं. काट्याच्या संगणकाला १९२.१६८.१.५० हा पत्ता कुणीतरी हाताने दिलेला होता. डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते देणारी सोय) वाटत होतं त्या पत्त्यांमधून तो वगळायचा राहिला होता, म्हणून नव्या प्रिंटरलाही नेमका तोच मिळाला. सर्व्हर एआरपीने (पत्त्यावरून यंत्र शोधायची पद्धत) हाक मारायचा, ‘पन्नास नंबरवाला कोण?’ आणि दोघेही हात वर करायचे. ज्याचं उत्तर शेवटी पोचलं त्याचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा नंबर) सर्व्हरच्या एआरपी तक्त्यात बसायचा. म्हणून कधी चालू, कधी बंद. ‘एआरपी -ए’ एवढी एक आज्ञा देऊन मॅक पत्ता पाहिला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. मी त्यावर अडीच तास घालवले होते. पुढच्या वर्षी मी गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते, कारण वेळापत्रक दरवर्षी हलतं आणि सीईटी सेलच्या सूचना स्वतः वाचण्याला पर्याय नाही. गेटमध्ये तीन तासांत ६५ प्रश्न, १०० गुण. स्कोअर तीन वर्षं चालतो. कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात नेटवर्क्स हा अनेक विषयांतला एक आहे, त्यामुळे फक्त नेटवर्क्स करून भागत नाही. वैध स्कोअरवर एआयसीटीईमान्य (म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने मान्य केलेल्या) ठिकाणी पूर्णवेळ प्रवेश घेतला तर महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते. ती घेताना दुसरीकडचा पगार चालत नाही, आणि त्याबदल्यात आठवड्यातले काही तास बी.टेक.च्या पोरांची प्रॅक्टिकल्स वगैरे बघावी लागतात. या कामाला कमी लेखू नका. सबनेटिंग (पत्त्यांचे ठोकळे पाडणं) मला खऱ्या अर्थाने आलं ते दुसऱ्या वर्षाच्या वीस जणांना समजावताना.

आणखी एक. आपल्या भागात एम.टेक.च्या नावात ‘नेटवर्क्स’ क्वचितच असतं. पदवी कॉम्प्युटर सायन्सची, आणि नेटवर्किंग तुम्ही इलेक्टिव्ह विषयांतून आणि प्रबंधातून जोडायचं. म्हणून कॉलेज बघताना इमारत बघू नका. तिथे नेटवर्किंगमध्ये खरंच काम करणारं कुणी आहे का, आणि प्रयोगशाळेतल्या राउटरला पोरांना हात लावू देतात का, हे दोन प्रश्न विचारा. काही ठिकाणी राउटर काचेच्या कपाटात असतो आणि किल्ली रजेवर असते.

रांगेचं गणित

पहिल्या सत्रात सगळ्यात जास्त पोरं जिथे गळतात ती जागा म्हणजे संभाव्यता आणि क्यूइंग थिअरी. मीही घाबरले होते, बारावीनंतर गणिताशी माझं बोलणं बंद होतं. मग एकदा वर्गात एम/एम/१ चं, म्हणजे एकाच खिडकीपुढच्या रांगेचं, सूत्र फळ्यावर आलं आणि मला समोर काटाच दिसला.

समजा एका गाडीचं वजन व्हायला सरासरी दोन मिनिटं लागतात, म्हणजे तासाला ३० गाड्या. तासाला २४ गाड्या येत असतील तर एका गाडीला रांग धरून काट्यावरून उतरेपर्यंत सरासरी किती वेळ? सूत्र सोपं आहे: एक भागिले, तीस वजा चोवीस. म्हणजे एकषष्ठांश तास, दहा मिनिटं. आता तासाला २७ गाड्या करा: वीस मिनिटं. आणि २९ केल्या तर? एक तास. चोवीसवरून एकोणतीस म्हणजे गाड्या वाढल्या फक्त पाच, पण थांबणं सहापट झालं. कारखान्यात आम्ही दर हंगामात हेच भोगायचो आणि ‘काल तर बरं चाललं होतं, आज काय झालं?’ म्हणून काट्यावरच्या माणसाला बोल लावायचो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, दोष सूत्राच्या छेदातल्या त्या वजाबाकीचा होता. लिंक ९५ टक्के भरली की नेट का रडतं, याचं उत्तरही तेच.

पण इथेच थांबू नका, कारण हे सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं: गाड्या एकमेकींशी संगनमत न करता, सुट्या सुट्या येतात. प्रत्यक्षात टोळ्या सकाळी तोडायला लागतात आणि दुपारनंतर गाड्या झुंडीने येतात. इंटरनेटचंही तसंच. अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेत १९८९ ते १९९२ या काळात इथरनेटवरची वाहतूक बारकाईने मोजली गेली, आणि लेलँड, टक्कू, विलिंगर व विल्सन यांनी दाखवलं की ही वाहतूक पॉसाँच्या, म्हणजे सुट्या सुट्या आगमनांच्या, नियमात बसत नाही. सेकंदावर बघा, मिनिटावर बघा, तासावर बघा, झुंडी विरघळत नाहीत. परीक्षेत एम/एम/१ लिहा, गुण मिळतील. प्रबंधात मात्र ‘आगमन पॉसाँ आहे असे मानू’ हे वाक्य लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा, परीक्षक तिथेच पकडतात.

तीन पानांपासून सुरुवात

जाडजूड पाठ्यपुस्तक वर्गासाठी ठीक आहे, पण मूळ कागद वाचायची सवय पहिल्या महिन्यात लावा. इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात, सगळे फुकट, साध्या मजकुरात. पहिला १९६९ सालचा. सुरुवात आरएफसी ७६८ पासून करा. ऑगस्ट १९८०, यूडीपीची (पोचेची वाट न बघता डेटा पाठवायच्या पद्धतीची) व्याख्या, फक्त तीन पानं. मी तो मिरज स्टेशन ते विश्रामबाग सिटी बसमध्ये, उभ्याने वाचून संपवला. मग ८२६, म्हणजे एआरपी. तो वाचताना मला प्रिंटर आठवून बसमध्येच हसू आलं. मग आयपीसाठी (इंटरनेटवरच्या पत्त्यांचा नियम) ७९१. टीसीपीसाठी (पोच घेत घेत डेटा पाठवायची पद्धत) मात्र अजून बऱ्याच नोट्समध्ये १९८१ चा ७९३ दिलेला असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची जागा ९२९३ ने घेतलीय, तो वाचा. तोंडी परीक्षेत हे एक वाक्य सहज बोलून गेलात तरी समोरचा सावरून बसतो.

वाचून झालं की त्याच रात्री वायरशार्क (लाइनवरून जाणारा डेटा पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा. यूडीपीचा हेडर आठ बाइटचा, हे वाचलंत ना? मग एक डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची) विचारणा पकडा आणि ते आठ बाइट पेन्सिलने वहीत उतरवा: दोन स्रोत पोर्टचे, दोन गंतव्य पोर्टचे, दोन लांबीचे, दोन चेकसमचे. गंतव्य पोर्टच्या जागी सोळाच्या पायात ००३५ दिसेल. म्हणजे ५३. डीएनएसचं पोर्ट. हे एकदा स्वतःच्या अक्षरात उतरवलं की जन्मात विसरत नाही. मी विसरलेली नाही, आणि मी दुधाचा हिशेबही विसरते.

टीसीपीसाठी असाच एक आकडा. विंडोचा मूळ रकाना १६ बिटांचा, म्हणजे पोच न मिळता जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट वाटेत असू शकतात. अमेरिकेतल्या एखाद्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला २०० मिलिसेकंद लागतात असं धरा. दर २०० मिलिसेकंदांना ६५,५३५ बाइट म्हणजे सेकंदाला साधारण २.६ मेगाबिट. घरात १०० एमबीपीएसची लाइन असो की हजारची, विंडो स्केलिंग नसेल तर तो एक प्रवाह २.६ च्या वर जात नाही. म्हणूनच जोडणीच्या पहिल्याच सिन पॅकेटमध्ये (पॅकेट म्हणजे डेटाचा एक तुकडा) ‘विंडो स्केल’ हा पर्याय असतो. तो वायरशार्कमध्ये शोधा, आकडा लिहा.

नेटवर्कचे ते ओएसआय मॉडेलचे सात थर? तोंडी परीक्षेला विचारतात, पाठ करा, विषय संपला.

मुंबईमार्गे कोल्हापूर

पत्त्यांचा धडा वाचला की घरच्या राउटरच्या पानावर जाऊन बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा. बऱ्याच जणांना तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला दिसेल. हा खरा सार्वजनिक पत्ता नव्हे. आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे) पत्ते संपल्यामुळे कंपनीने एका पत्त्यामागे अनेक घरं बसवलीत. त्या पट्ट्याची तरतूद २०१२ च्या आरएफसी ६५९८ मध्ये आहे. वाड्याला एकच पोस्टपेटी आणि आत वीस बिऱ्हाडं, तसं. बाहेरून तुमच्या बिऱ्हाडाला थेट हाक मारता येत नाही.

माझी बहीण कोल्हापुरात असते. तिच्या घरच्या राउटरला पिंग करायचं, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं, मनात आलं तेव्हा या पत्त्यापायी अडलं, म्हणून आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत) वरून केलं. मिरज ते कोल्हापूर रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. जाऊन-येऊन अर्धा मिलिसेकंद लागायला हवा. आला १७. वहीत लाल शाईने लिहिलं: १७?? ट्रेसरूट (वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा) चालवला तर मधल्या टप्प्यांच्या नावांत मुंबई! तिची कंपनी वेगळी, माझी वेगळी, आणि दोघींची गाठ मुंबईत पडत होती. हातकणंगल्यावरून एसटीने तासा-दीड तासात जाणारी मी, माझं पॅकेट मात्र आधी मुंबईला जाऊन मग कोल्हापूरला उतरत होतं. बीजीपी, पीअरिंग आणि इंटरनेट एक्स्चेंज हे कंपन्यांची नेटवर्क्स एकमेकांना जोडण्याबद्दलचे शब्द तोवर माझ्यासाठी परीक्षेपुरते होते. त्या रात्री बीजीपीचा धडा मी कादंबरीसारखा वाचला.

मोबाइल डेटावरही एकदा बघा. जिओ असेल तर आयपीव्ही६ पत्ता २४०९ ने सुरू होताना दिसेल. ‘आयपीव्ही६ हे भविष्यातील तंत्रज्ञान आहे’ असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्यांच्या खिशात ते कधीचं चालू आहे.

सासूबाईंची मालिका

आता प्रबंधाकडे येते, कारण दुसरं वर्ष जवळजवळ सगळं तेच खातं.

माझा विषय मला दिवाणखान्यात सापडला. संध्याकाळी लेकीच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ नवऱ्याने ढगात चढवायला लावला की सासूबाईंची मालिका थांबायची. ‘आलं बघ तुझं गोल गोल,’ त्या म्हणायच्या. मालिका खाली येणार, व्हिडिओ वर जाणार. दोघांच्या दिशा वेगळ्या, मग अडतंय कुठे? मी पिंग लावून बसले. घरात कुणी काही करत नसताना १४ मिलिसेकंद. व्हिडिओ चढायला लागला आणि आकडा वाढत वाढत ८२० वर जाऊन स्थिरावला. पॅकेट एकही हरवलं नाही. फक्त पाऊण सेकंदाहून जास्त वेळ कुठेतरी बसून राहत होतं.

कुठे, ते गणितानेच सांगितलं. जादा थांबणं ८०६ मिलिसेकंद. आमचा चढता वेग १० एमबीपीएस. दोन्हींचा गुणाकार सुमारे ८० लाख बिट, म्हणजे १० लाख बाइट. कंपनीने दिलेल्या डबड्यात चढत्या बाजूला साधारण एक मेगाबाइटची रांग लपलेली होती आणि ती काठोकाठ भरत होती. मालिकेची पॅकेटं खाली येत होती खरी, पण त्यांची पोच आणि पुढच्या तुकड्याची मागणी या दोन्ही चिठ्ठ्या लेकीच्या नाचामागे रांगेत उभ्या होत्या. डबा न उघडता आतल्या रांगेची लांबी काढता आली, याचा मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना आकडेमोड दाखवली. त्या म्हणाल्या, ‘ते असू दे, आता चालू कर.’

याला बफरब्लोट म्हणतात. मला ते कारखान्याच्या केनयार्डावरून (उसाच्या गाड्या थांबतात ते आवार) पटकन कळलं. यार्ड दुप्पट केलं म्हणून गाळप दुप्पट होत नाही. गव्हाणीत ऊस जेवढा पडायचा तेवढाच पडतो. उलट ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. त्याहून वाईट म्हणजे यार्ड भरल्याची बातमी शेती ऑफिसला उशिरा कळते, तोवर चिटबॉय पुढच्या तोडीच्या चिठ्ठ्या फाडत असतो. टीसीपीचं असंच आहे. पॅकेट गळालं की त्याला कळतं, गर्दी झाली, हात आखडा. रांग मोठी केली की गळणं लांबतं, आणि तो बेफिकीरपणे पाठवत राहतो.

या प्रश्नाचा इतिहास वाचायलाच हवा. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात, जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरावर, वेग ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांचा १९८८ चा निबंध त्यातून आला. आज टीसीपी गर्दीत हात आखडतो तो त्यातल्या कल्पनांवर. आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत कोडेल ही रांग आवरायची पद्धत मांडणारे जेकबसन तेच. कोडेल रांगेची लांबी बघतच नाही. प्रत्येक पॅकेट किती वेळ उभं होतं ते बघतं. १०० मिलिसेकंदभर थांबणं सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं की पॅकेट टाकायला सुरुवात. दोन निबंध शेजारी ठेवून वाचा, चोवीस वर्षं एक माणूस एकाच रांगेकडे बघतोय हे दिसतं.

प्रयोग घरातच झाला. जुन्या बाजारातून एक राउटर घेतला, त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चढवलं, एफक्यू-कोडेल (कोडेलचाच एक प्रकार) लावलं आणि चढता वेग मुद्दाम ९ एमबीपीएसवर बांधला. मुद्दाम का? कारण रांग कंपनीच्या डब्यात साचता कामा नये, माझ्या राउटरमध्ये साचली पाहिजे. तिथे ती माझ्या ताब्यात. एक एमबीपीएस गेला, पण व्हिडिओ चढत असतानाचा पिंग ८२० वरून २२ वर आला. पुढे ओळखीच्या अकरा घरांत हेच मोजलं, सांगली आणि मिरज मिळून. घरोघरी चहा झाला. एका घरात आकडे अजिबात जुळेनात, तर राउटर फ्रीजच्या मागे होता आणि मी वायफाय मोजत होते. तेव्हापासून नियम: आधी केबलने मोजा.

विषय निवडताना म्हणूनच एक कसोटी लावा: हे मला माझ्या घरून, माझ्या खर्चाने मोजता येईल का? माझ्या वर्गात चौघांनी ‘आयओटी आधारित स्मार्ट शेती’ घेतलं होतं. चौघांपैकी एकाच्याही सेन्सरने खऱ्या रानात आठवडा काढला नाही. विषय वाईट नाही, पण सांगलीत द्राक्षबागेत काम करायचं तर आधी बागायतदाराबरोबर एक छाटणी काढा.

सिम्युलेशनचा फजितवाडा

सगळंच घरी मोजता येत नाही. शंभर घरांची लिंक हवी तर सिम्युलेटर (संगणकातच खोटं नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो. मिनिनेट शिकायला सोपं, एनएस-३ अवघड पण प्रबंधात वजन असलेलं. एनएस-३ शिकायला दोन महिने धरा, त्यातला पहिला ते बसवण्यात जातो.

आता माझी फजिती. मी एक प्रसंग दहा वेळा चालवला आणि दहाही वेळा उत्तर दशांशापर्यंत तेच आलं. मी खूश. आलेखावर ‘अत्यंत स्थिर परिणाम’ असं लिहून मार्गदर्शक सरांकडे गेले. सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, ‘बाई, फासा एकदाच टाकून दहा वेळा वाचलात का?’ एनएस-३ मध्ये यादृच्छिक आकड्यांचं बीज ठरलेलं असतं. रनचा क्रमांक तुम्ही बदलला नाही तर दर वेळी हुबेहूब तोच प्रसंग घडतो. तीन आठवड्यांचं काम पुन्हा. या वेळी ३० वेगवेगळे रन, सरासरी, ९५ टक्क्यांचं विश्वासांतर (खरी सरासरी ज्यात असावी तो पट्टा), आणि सुरुवातीचे काही सेकंद वगळून, कारण रिकामी रांग भरेपर्यंतचे आकडे फसवे असतात.

निबंध छापण्याबद्दल एक इशारा. तीन दिवसांत प्रकाशित करतो, फक्त शुल्क भरा, अशी मेल येते. मीही एकदा भरले, नाव घेत नाही. परीक्षणाच्या नावाखाली आलेल्या कागदावर माझ्या शीर्षकातला शब्दच चुकीचा होता. ते पैसे राउटरमध्ये घातले असते तर बरं झालं असतं.

आणि वायरशार्क हातात आलं म्हणून कॉलेजच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर डोकावू नका, पोर्ट स्कॅन करून बघू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय लबाडीने घुसणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या अकरा घरांत मोजलं, त्यांची मी सही घेतली होती. प्रबंधाच्या परिशिष्टात ते कागद कामालाही आले.

लेखी परीक्षेसाठी वेगळं काही सांगण्यासारखं नाही. सबनेटिंगची गणितं रोज दोन करा, हातानेच. /२६ म्हटलं की ६४ चे ठोकळे, ०, ६४, १२८, १९२, मग १९२.१६८.१०.७७ कुठे? ६४ च्या ठोकळ्यात, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता) १२७, वापरायला ६२ पत्ते. हे दहा सेकंदांत यायला हवं. एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा एखादा ऑनलाइन कोर्स धरा. त्यात २५ टक्के गुण गृहपाठाला आणि ७५ टक्के परीक्षेला असतात, त्यामुळे गृहपाठ कॉपी करून काही हाती लागत नाही. मी पहाटे साडेचार ते साडेसहा अभ्यास करायचे. त्या वेळी गल्लीतला पाण्याचा टँकर सोडला तर कुणी आवाज करत नाही, आणि लाइन रिकामी असते, आकडे स्वच्छ येतात.

तोंडी परीक्षेला मी प्रबंधाबरोबर वही नेली होती, चहाचे डाग आणि लेकीने काढलेल्या मांजरासकट. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्लाइड्स चार मिनिटांत बाजूला ठेवल्या आणि वही उघडली. बराच वेळ पानं उलटत राहिले. मग एका पानावर बोट ठेवलं. ‘इथे १४ नोव्हेंबरला सकाळी दहा ते बारा आकडेच नाहीत. लिंक डाउन होती का? कारण काय?’

‘नाही सर,’ मी म्हटलं. ‘सासूबाईंना मिक्सरसाठी प्लग हवा होता.’